पहिलं गाणं निवडताना: अल्बमच्या सुरुवातींची स्वतःची यादी कशी करावी

आमच्या घरी एक कॅसेट होती. वरच्या पट्टीवर बाबांच्या अक्षरात निळ्या बॉलपेननं ‘भावगीते, मे’ एवढंच लिहिलेलं. त्या काळी नाशिकच्या मेन रोडला अशी दुकानं असायची की तुम्ही गाण्यांची चिठ्ठी न्यायची, सोबत कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी भरून आणायची. बाबांनी चिठ्ठीत नवव्या नंबरवर लिहिलेलं गाणं दुकानदारानं पहिलं भरलं होतं. त्याचं गणित साधं होतं. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं, आणि गाणं मध्येच तुटायला नको. त्या हिशेबात जे जिथे बसलं तिथे त्यानं ते बसवलं. बाबा दोन दिवस कुरकुरले आणि मग विसरले. मी मात्र ते गाणं वीस वर्षं ‘पहिलं गाणं’ म्हणूनच ऐकलं. पुढे मूळ रेकॉर्ड हाती आली तेव्हा ते दुसऱ्या बाजूच्या शेवटी निघालं, आणि मला प्रामाणिकपणे वाटलं की रेकॉर्डवाल्यांचंच चुकलंय.

अल्बमच्या आवडत्या पहिल्या गाण्यांची यादी करायला बसलं की हाच घोटाळा होतो. गाणं आवडतं म्हणून ते यादीत येतं, की त्याच्यानं होणारी सुरुवात आवडते म्हणून? या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या की निम्मं काम झालं. आम्ही सहा-सात जण महिन्यातून एका रविवारी आमच्या गंगापूर रोडच्या घरी गाणी ऐकायला जमतो. गेल्या श्रावणात विषय होता ‘पहिली गाणी’. त्या तयारीत दीड महिना गेला आणि बऱ्याच चुका झाल्या. तुम्हाला असं काही करायचं असेल, एकट्यानं वहीत किंवा चार माणसांत, तर हे सगळं त्या अनुभवातून लिहिते आहे.

आधी ठरवा, ‘पहिलं’ म्हणजे कुठलं

पहिला नियम सोपा आहे. ज्यानं संगीत केलं त्यानं किंवा त्याच्या माणसांनी विचार करून लावलेला क्रम असेल तरच तो अल्बम धरायचा. ‘सदाबहार’, ‘सुवर्णसंग्रह’, ‘बेस्ट ऑफ’ वगैरे बाद. त्यात पहिलं गाणं म्हणजे सगळ्यांत खपलेलं गाणं, बाकी काही नाही.

दुसरी गोष्ट, एकाच नावाच्या अल्बमची दोन रूपं असू शकतात. बीटल्सचा १९६५चा ‘रबर सोल’ इंग्लंडमध्ये ‘ड्राइव्ह माय कार’नं सुरू होतो. तोच अमेरिकेत निघाला तेव्हा तिथल्या कंपनीनं गाणी बदलली आणि सुरुवात ‘आयव्ह जस्ट सीन अ फेस’नं झाली. एक खट्याळ, ठणठणीत विजेच्या गिटारचं गाणं आणि एक धावतं, लाकडी गिटारचं. अल्बमचं नाव आणि मुखपृष्ठ तेच, पण ऐकणाऱ्याच्या मनात दोन वेगळे अल्बम तयार झाले. पहिल्या गाण्याचं वजन किती असतं हे कुणाला पटवायचं असेल तर मी हेच उदाहरण देते.

जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची (१९५९) गंमत आणखी वेगळी. पहिल्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे रेकॉर्डच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी, म्हणजे सुरुवातीचं ‘सो व्हॉट’सुद्धा, मूळ स्वरापेक्षा जराशी चढी वाजत राहिली. हे थेट १९९०च्या दशकात दुरुस्त झालं. तीसेक वर्षं लोक ज्या ‘सो व्हॉट’वर जीव टाकत होते ते अर्ध्या स्वराच्याही आत, पण चढंच होतं. कानाला सवय कशाची लागते पाहा! तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल तर ती टाकून देऊ नका, फक्त वहीत नोंद करा.

चित्रपटाच्या अल्बमला चित्रपटातला क्रम लावू नये. पडद्यावर जे आधी येतं ते कॅसेटवर आधी असेलच असं नाही, आणि आपण बोलतोय ते कॅसेटबद्दल. ‘सैराट’चंच (२०१६) घ्या. वरातीत, मिरवणुकीत सगळ्यांना ‘झिंगाट’ हवं असतं, पण अल्बम उघडतो ‘याड लागलं’नं, आणि तेही मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या अंगानं. ती तारवाद्यं अमेरिकेत जाऊन मुद्रित केली होती. चार गाण्यांच्या अल्बममध्ये ‘झिंगाट’ शेवटी ठेवायचं धाडस अजय-अतुलनी केलं. दुसऱ्या कुणी त्यानंच दार उघडलं असतं आणि मग ‘याड लागलं’ला बसायला जागाच उरली नसती.

मूळ क्रम तपासायचा तर रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावरची पहिली बाजू पाहा, कॅसेटच्या आतलं घडीचं कार्ड पाहा. इंटरनेटवरच्या यादीवर एकदम विश्वास टाकू नका. ‘विशेष आवृत्ती’त जादा गाणी बहुधा शेवटी जोडलेली असतात, पण जुन्या मराठी आणि हिंदी गाण्यांच्या बाबतीत कुणीतरी नंतर गोळा करून लावलेला क्रमही अल्बम म्हणून मिरवतो.

आपल्याकडे हे जुनंच आहे

अल्बम हा शब्द बाहेरचा असला तरी सुरुवातीच्या गाण्याचं शास्त्र आपल्याला कुणी शिकवायला नको. संगीत नाटकाला नांदी लागते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं तेव्हा प्रेक्षकांनी आधी ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ऐकलं, मग शकुंतला. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि लावणी, शेवटी वग. वारकरी भजनात ‘जय जय राम कृष्ण हरी’ झालं की रूपाचा अभंग, ‘रूप पाहता लोचनी’. गवळणी आणि बाकीचं नंतर. भजनी मंडळात बसलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा, सुरुवातीचा अभंग आवाज तापायच्या आत म्हणता आला पाहिजे, सगळ्यांना येणारा पाहिजे आणि टाळ एका लयीत आणणारा पाहिजे, हे ते एका दमात सांगतील.

या तीन कसोट्या मी अल्बमना लावून पाहिल्या आणि चक्क लागू पडल्या. नाशिककरांना तर हे अंगणातलंच. विष्णु दिगंबर पलुस्कर उतारवयात इथे पंचवटीत येऊन राहिले, रामनामाचा आश्रम चालवला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ला नाशिकचाच. त्यांच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या ऐका. तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आटपायचं असल्यामुळे पहिला स्वर लागतो तोच राग घेऊन. तिथे सुरुवात करायला वेगळा वेळच नव्हता. लांब रेकॉर्ड १९४८मध्ये आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली, आणि मग कुठे ‘पहिलं कुठलं ठेवायचं’ हा प्रश्न जन्माला आला.

यंत्र नीट लावा, नाहीतर कष्ट वाया

या भागाचा कंटाळा करू नका.

*रेकॉर्ड असेल तर.* बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेजवळ सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. जास्त लांबीवर तेवढाच आवाज कोरायचा म्हणजे तो मोकळा आणि स्वच्छ बसतो. म्हणून पहिल्या गाण्याला रेकॉर्डवरची सगळ्यांत चांगली जागा मिळते. पण सगळ्यांत जास्त मारही तेच खातं. सुई टेकवताना हात थरथरला की ओरखडा तिथेच, कड वाकलेली असली की लाटही तिथेच. जुनी रेकॉर्ड घेताना ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरा आणि पहिल्या पट्ट्याची चमक बाकीच्यांशी ताडून पाहा. तो राखाडी दिसत असेल तर समजा, मालकाला पहिलं गाणं फार आवडायचं. मी एकदा घाईत वेष्टन पाहून रेकॉर्ड घेतली, घरी येऊन पाहते तर आत भलतीच तबकडी. तेव्हापासून दुकानदार कितीही ओळखीचा असो, आधी बाहेर काढून बघते.

*कॅसेट असेल तर.* इथे फीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगानं धावते, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, त्यामुळे पहिल्या गाण्याला जागेचा फायदा नाही. उलट गुंडाळताना झटका तिथेच बसतो, फीत तिथेच ताणली जाते. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मग लावा. फीत सैल असेल तर पेन्सिल, तीच आपली जुनी. आतली नमद्याची छोटी गादी जागेवर आहे ना पाहा. ती पडली असेल तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो आणि आपण उगाच टेपला दोष देतो. हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. आणि नाशिकच्या पावसाळ्यानंतर फितीच्या गुंडाळीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट अजिबात लावू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चार कॅसेटना लागते. माझ्या अशा दोन गेल्या.

*फोन असेल तर* चार गोष्टी बघा. शफल बंद. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता दुसरं त्यावर चढवण्याची सोय, बंद. गॅपलेस, म्हणजे दोन गाण्यांत फट न ठेवणं, चालू. आवाज समान करण्याची सोय बंद, कारण हळू सुरू होणारं गाणं ती उगाच मोठं करू शकते. स्पॉटिफायवर पूर्वी अल्बम उघडला की मोठं बटण शफलचंच असायचं. नोव्हेंबर २०२१मध्ये अडेल या गायिकेनं आग्रह धरल्यावर ते बदललं. तिचं म्हणणं एवढंच होतं की क्रम आम्ही विचार करून लावतो. एका बटणासाठी एवढी मोठी बाई भांडली याचं मला फार बरं वाटलं होतं.

आणखी एक. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना मी अर्धी यादी ऐकली आणि तीच सगळ्यांत मोठी चूक ठरली. कसाऱ्याच्या घाटात बोगदा आला की हळू सुरुवाती गाडीच्या आवाजात बुडतात. ‘सो व्हॉट’च्या सुरुवातीला पियानो आणि बास एकमेकांशी दबक्या आवाजात बोलतात, ते मला इगतपुरी ते कसारा ऐकूच आलं नाही आणि मी वहीत लिहिलं, ‘सुरुवात उशिरा होते’. घरी येऊन खोडलं. गाडीत फक्त धडाक्यानं सुरू होणारी गाणी तपासा.

ऐकायचं कसं: तीन फेऱ्या

पहिल्या फेरीत फक्त सुरुवात ऐका. गाणं लावायच्या आधी अर्धा मिनिट घरात शांतता ठेवा. पंखा बंद, कुकर गॅसवर नको. पहिला आवाज कसला आहे ते एका शब्दात लिहा: ठोका, श्वास, तार, माणसं, पाऊस. तीस सेकंदांनी थांबवा. तीसच का, तर हल्ली स्पॉटिफायवर एवढं ऐकल्यावरच ते ‘ऐकलं’ असं मोजलं जातं आणि त्यामुळे नवी गाणी धावतपळत सुरू होतात. एखाद्या गाण्यानं या तीस सेकंदांत काहीच दिलं नाही तरी त्याला नापास करू नका, उलट खूण करून ठेवा. असली गाणीच नंतर वर येतात.

दुसरी फेरी खरी महत्त्वाची. पहिलं गाणं पूर्ण, आणि हात न लावता दुसऱ्या गाण्याचं पहिलं मिनिट. पहिलं गाणं चांगलं की वाईट हे दुसरं सुरू होताना कळतं. ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) सुरू होतो तो सभागृहात वाद्यं जुळवल्याच्या आणि लोकांच्या कुजबुजीच्या आवाजानं, अगदी आपल्या कालिदास कलामंदिरात पडदा उघडण्याआधी असतो तसा. मग बँड स्वतःची ओळख करून देतो आणि फट न ठेवता दुसऱ्या गाण्यात शिरतो. पहिलं गाणं एकटं ऐकलं तर ते ‘तुम्हाला भेटून आनंद झाला’ एवढंच म्हणतं. दुसऱ्याला जोडून ऐकलं तर आख्खा खेळ उभा राहतो.

तिसऱ्या फेरीत पहिलं गाणं वगळून दुसऱ्यापासून अल्बम लावा. लंगडा वाटला तर ते गाणं यादीत पक्कं. काहीच फरक पडला नाही तर ते छान गाणं आहे, पण सुरुवात म्हणून नव्हे. या फेरीत माझी अकरा आवडती गाणी गळली. त्यांची नावं सांगत नाही, काही मित्र दुखावतील.

काही सुरुवाती जवळून

वहीत मी प्रकार पाडले नाहीत, पण ऐकता ऐकता काही सुरुवाती एकमेकांशेजारी जाऊन बसल्या.

काही गाणी दार लाथेनं उघडतात. बॉब डिलनच्या ‘हायवे ६१ रीव्हिजिटेड’चं (१९६५) पहिलं गाणं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ ड्रमच्या एका फटक्यानं सुरू होतं. फटका आणि लगेच सगळी वाद्यं. सहा मिनिटांचं गाणं, पण आधीचं सगळं पुसायला तो एक ठोका पुरतो. आमच्या गणपतीच्या मिरवणुकीत नाशिक ढोलाचं पथक सुरू होतं तेव्हा पहिल्या टोल्याला पोटात जे होतं, त्याचीच ही बारीक आवृत्ती.

काही गाणी चाहूल देतात. ‘बॅक इन ब्लॅक’ (१९८०) या एसी/डीसीच्या अल्बमची सुरुवात ‘हेल्स बेल्स’ या गाण्यातल्या घंटेनं होते. संथ, जड, एकामागून एक टोल, मग गिटार. बँडचा गायक बॉन स्कॉट त्याच वर्षी गेला होता, त्यानंतरचा हा पहिला अल्बम, हे माहीत असलं की त्या टोलांचा अर्थ लागतो. मला मात्र दर वेळी पंचवटीतली नारोशंकराची घंटा आठवते. गोदावरीचं पाणी चढत चढत तिथवर गेलं की घंटा आपोआप वाजते असं जुने लोक सांगतात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे विचारणारं आमचं शहर आहे. येणारी गोष्ट दिसायच्या आधी ऐकू यावी, याची भीती आम्हाला समजावून सांगावी लागत नाही.

पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची (१९७३) सुरुवात ‘स्पीक टू मी’ हृदयाच्या ठोक्यांनी करते. आधी जवळजवळ शून्य, मग ठोके, मग घड्याळं, हसणं, पैशाच्या गल्ल्याचा आवाज, शेवटी एक किंचाळी आणि त्यातूनच ‘ब्रीद’ उमलतं. पुढे अल्बममध्ये जे जे येणार आहे त्याचे तुकडे आधीच कानावर घातलेले असतात, आणि अगदी शेवटी ठोके पुन्हा येतात. आमच्या बैठकीत हे लावलं तेव्हा शेजारचे काका अर्धा मिनिट थांबले आणि म्हणाले, “स्पीकर गेला का गं तुझा?”

“काका, थांबा जरा.”

“अगं, धपधप येतंय नुसतं. वायर बघ.”

तेवढ्यात किंचाळी आली आणि काकांच्या हातातला चहा बशीत सांडला. म्हणून सांगते, असली सुरुवात चार माणसांत लावणार असाल तर ‘आता थोडा वेळ काहीच होणार नाही’ एवढं आधी सांगा. त्याहून जास्त सांगू नका.

माणसांच्या आवाजानं सुरू होणारी गाणी मला सगळ्यांत जवळची. मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या (१९७१) आरंभी काही माणसं एकमेकांना हाक मारताहेत, हालहवाल विचारताहेत. कुणाच्या तरी घरी पोचल्यासारखं वाटतं, आणि मग तो गातो ते युद्धाबद्दल, पोरं मरण्याबद्दल. गप्पांमुळे ते भाषण होत नाही. मराठीत ‘गारवा’ आठवून पाहा. गाण्याआधी सौमित्रची कविता बोलली जाते आणि उकाडा अंगावर येतो. तो आला नसता तर पुढच्या पावसाला कुणी विचारलं असतं?

‘लगान’चा (२००१) अल्बमही पावसाच्या वाटेवर सुरू होतो, ‘घनन घनन’. ढग दिसलेत, पाऊस नाही. येवला-सिन्नरकडचे लोक हे गाणं आमच्यापेक्षा जास्त समजून ऐकतात, हे मी पाहिलंय.

आणि ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७). शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा सकाळपासूनचा दिवस. पहिली बाजू उघडते अहिर भैरव आणि नटभैरवानं. इथे सुरुवात म्हणजे अक्षरशः पहाट आहे. हे लावायचं ठरल्यावर आमच्याकडे जी वादावादी झाली, ती पुढे.

यादी लिहिताना

शंभर गाणी लिहू नका. एका कलाकाराचं एकच, असा नियम घाला, नाहीतर यादी बीटल्स किंवा रहमानच्या घशात जाते. माझी आधी चाळीसची झाली, तीन फेऱ्यांनंतर पंधरा उरली. प्रत्येकापुढे एवढंच लिहा: पहिला आवाज, लांबी, दुसऱ्या गाण्याचं नाव आणि तुम्ही ते पहिल्यांदा कुठे ऐकलंत. शेवटचा रकाना फाजील वाटेल, पण तोच बाबांच्या कॅसेटसारखे घोटाळे पकडतो. मला जी सुरुवात थोर वाटत होती ती खरं तर कॉलेज रोडवरच्या एका संध्याकाळमुळे थोर होती, हे त्या रकान्यानं दाखवलं. ती मी तरीही यादीत ठेवली. आपली यादी आहे, कुणाला हिशेब द्यायचा नाही.

क्रमांक मात्र देऊ नका. पहिला, दुसरा, तिसरा सुरू झालं की ऐकणं संपतं आणि निवडणूक सुरू होते.

चार माणसांत ऐकवायची तर

इथे एक विचित्र अडचण येते. यादीतलं प्रत्येक गाणं सुरुवातीचंच आहे. नऊ सुरुवाती एकामागून एक लावल्या की नऊ जणांनी ओळीनं प्रास्ताविक केल्यासारखं होतं, मुख्य वक्ता येतच नाही. दोन उपाय सापडले.

एक, प्रत्येक गाण्यानंतर दुसऱ्या गाण्याची पहिली दहा-पंधरा सेकंदं वाजू द्या आणि मग हातानं आवाज हळूहळू खाली आणा. ऐकणाऱ्याला दार उघडल्यावर आत काय आहे ते दिसतं. यंत्रावर सोपवू नका, बटण हातात ठेवा. दोन, दर गाण्यामागे पूर्ण मिनिटभर थांबा. लोक बोलतील, बोलू द्या.

क्रम लावायला दुसऱ्या कुणाला सांगितलं तर उत्तम. यू टूचा ‘द जोशुआ ट्री’ (१९८७) तयार झाला तेव्हा गाण्यांचा क्रम गायिका कर्स्टी मॅकॉलनं लावून दिला. पहिलं आणि शेवटचं बँडनं ठरवलं होतं, मधली तिनं तिच्या आवडीनं रचली. जे महिनोन्‌महिने त्या गाण्यांत बुडाले होते त्यांना जे दिसत नव्हतं ते बाहेरच्या कानाला दिसलं. मी माझी चिठ्ठी मैत्रिणीकडे दिली. तिनं माझ्या लाडक्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ला पहिल्यावरून सातवर टाकलं. म्हणाली, “सगळे जागे व्हायच्या आत फटका कशाला मारतेस?” बरोबर होतं तिचं.

नऊच्या वर जाऊ नका. आमच्या नऊ गाण्यांना, चहा आणि भांडणं धरून, सव्वादोन तास लागले. चहा चौथ्यानंतर. चिवडा गाणं चालू असताना नाही, खाण्याचा आवाज हळू सुरुवातींना मारतो.

वेळेचं भांडण असं. आमची बैठक नेहमी संध्याकाळी सहाला. काका म्हणाले, अहिर भैरव संध्याकाळी ऐकायचा असेल तर मी येत नाही. मी म्हटलं, रेकॉर्डला वेळ नसते. ते म्हणाले, रेकॉर्डला नसते, मला असते. दोन दिवस कुणी माघार घेईना. शेवटी बैठकच सकाळी सातला घेतली. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला भल्या पहाटे उठून जाणारी माणसं रविवारी सातला आमच्याकडे यायला खळखळ करतील असं वाटलं होतं, पण झाडून सगळी आली. एक कारण असंही असेल की बैठक संपली की मिसळ होती, आणि नाशिकमध्ये रविवारच्या मिसळीला नाही म्हणणारा माणूस अजून मी पाहिलेला नाही. हे मार्गदर्शन म्हणूनच घ्या: सकाळी ठेवा. कान ताजे असतात, रस्त्यावर गाड्या कमी आणि फोन वाजत नाहीत. घंटा आणि विजेच्या गिटारी मात्र आठच्या पुढे, वरच्या मजल्यावरच्यांचा विचार करून.

शेवटी काय लावायचं यावर माझा निर्णय आधीच झाला होता. ‘गीतरामायणा’चं पहिलं गाणं, ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’. पुणे आकाशवाणीवरून रामनवमीला, १ एप्रिल १९५५ रोजी, गदिमांच्या शब्दांत आणि सुधीर फडक्यांच्या चालीत ते पहिल्यांदा ऐकू आलं. भूप राग, पाच स्वर, कुणालाही गुणगुणता येईल असे. आणि गाण्यात काय घडतं? दोन मुलं गाताहेत आणि ज्याची गोष्ट तोच समोर बसून ऐकतोय. छप्पन्न गाण्यांची सुरुवात ऐकण्याच्या चित्रानं करावी, याला म्हणतात योजना. शिवाय तेव्हा गाणं आठवड्याला एकच यायचं. पहिल्या आणि दुसऱ्या गाण्यामध्ये आख्ख्या सात दिवसांची फट. माझी दुसरी फेरी त्या श्रोत्यांना करायची तर आठवडाभर थांबावं लागलं असतं.

शेजारच्या काकूंचं लहानपण पुण्याचं. सात वर्षांच्या होत्या तेव्हा त्या, वाड्यातल्या एकुलत्या रेडिओसमोर सगळी बिऱ्हाडं जमायची. हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. गाणं चालू असताना त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. गाणं संपलं. मी ठरल्याप्रमाणे दुसऱ्याची सुरुवात वाजू दिली, पंधरा सेकंद मोजले आणि आवाज हळूहळू खाली आणला. खोलीत ‘शरयू तीरावरी अयोध्या’ चालूच राहिलं. काकू गात होत्या, डोळे तसेच मिटलेले, एकही शब्द न चुकता. मी बटणावरचा हात काढून घेतला. मिसळ त्या दिवशी पाऊण तास उशिरा झाली.